पुसून जाणारा पोसम

जुनी वस्तू दारात आणली की ती दुरुस्त होवो न होवो, तिचे किस्से मात्र आपोआप साठत जातात. गॅरेजमध्ये अर्धवट वापरलेले रंगाचे डबे साठतात ना, तसेच. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि कुणी फेकतही नाही. आमच्या इथल्या, परदेशातल्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या शनिवारच्या चहाला शिरीषच्या कॅरव्हॅनचा विषय निघाला की प्रत्येकाकडे स्वतःची आवृत्ती असते, आणि प्रत्येकाच्या आवृत्तीत तो स्वतः निर्दोष असतो. माझी तेवढी खरी माना. कारण पहिला संशय माझ्यावरच आला होता!

आधी शिरीष कोण ते सांगतो. आमचा शिरीष सॉफ्टवेअर टेस्टर. धंदाच संशयाचा. समोरचा म्हणाला, "चालतंय," की हा म्हणणार, "दाखव." फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे त्याने मोबाइल आत ठेवून व्हिडिओ काढून पाहिलेलं आहे. त्याची बायको केतकी म्हणते, "लग्नाआधी याने माझ्याबद्दल कुठे कुठे चौकशी केली असेल, या विचाराने मला अजून धडकी भरते."

तर या शिरीषची आई नाशिकहून राहायला आली. एकदा सगळे समुद्रावर गेलो होतो. तिथे एक म्हातारं गोरं जोडपं कॅरव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, दारात खुर्च्या टाकून चहा पीत बसलं होतं. काकू बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असा दारात समुद्र घेऊन चहा प्यायचा. काय मजा येत असेल रे!"

एवढंच म्हणाल्या. पण शिरीषच्या डोक्यात ते पक्कं बसलं. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. वरच्या मजल्यावर जाणं बंद, म्हणून खालची खोली त्यांना दिलेली. साधा उंबरठा ओलांडतानाही कुणीतरी हात धरायचा. मार्च संपायच्या आत त्या परत जाणार होत्या आणि इतका लांबचा प्रवास पुन्हा झेपेल की नाही, याची सगळ्यांनाच शंका होती. त्याआधी आईला कॅरव्हॅनमधून समुद्रावर न्यायचं, असं शिरीषने ठरवलं.

"अरे, भाड्याने मिळते की!" मी म्हटलं.

"भाड्याच्या गाडीत आधी कोण काय करून गेलंय, कुणास ठाऊक!" शिरीष म्हणाला.

म्हणून त्याने विकत घ्यायचं ठरवलं. घेतली ती आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी!

* * *

खरेदीला डोंगरापलीकडच्या एका गावात गेलो. शिरीष, मी आणि सॅव्हिओ. सॅव्हिओ आमचा वसईचा, मेकॅनिकल इंजिनियर. त्याला कुठलंही यंत्र उघडलेलं बघवत नाही आणि बंद असलेलं तर त्याहून बघवत नाही.

कॅरव्हॅन दिसायला मात्र गोड होती. गोल कडा, क्रीम रंग, मधून हिरवा पट्टा, आत फुलाफुलांचे पडदे. विकणारा म्हातारा चेक्सचा शर्ट घालून कुंपणाला टेकून उभा. शिरीषने टेस्टिंग सुरू केलं. खाली आडवा पडून चाकं बघितली. कपाटं उघडली. गादीचा वास घेतला. गालिच्याचा वास घेतला. शेवटी म्हाताऱ्याच्या जवळ जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता याचाही वास घेतो की काय!

"गळती वगैरे?" त्याने इंग्लिशमध्ये विचारलं.

"ओन्ली व्हेन इट रेन्स, मेट," म्हातारा शांतपणे म्हणाला.

शिरीष खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला. फ्रिजच्या दिव्यावर संशय घेणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच कुणावर विश्वास टाकला, आणि तोही चुकीच्या वाक्यावर!

* * *

कॅरव्हॅन घरासमोर, गॅरेजपुढे उभी केली आणि पहिल्या पावसातच मागच्या कोपऱ्यातली भिंत ओली झाली. सॅव्हिओने आतलं प्लायवूड उचकटलं. मागची लाकडी चौकट चहात बुडवलेल्या टोस्टसारखी हातात आली.

"बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकूड," सॅव्हिओने समजावलं. "छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे वरून ही पट्टी असते. तिच्याखालचा चिकट माल सुकलाय. पाणी तिथून येतंय."

आम्ही पट्टी काढली, जुना माल खरवडला, कुजलेलं लाकूड बदललं. डांबरासारखी चिकट पट्टी नव्याने बसवून वर अॅल्युमिनियमची पट्टी घट्ट आवळली. बरेच शनिवार गेले यात. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर सॅव्हिओने सगळ्यांना दम दिला, "हिला शिडी टेकवायची नाही! माणसाचं वजन आलं की पट्टी उचकटते आणि पाणी आत. वर काम असेल तर बाजूला स्टूल घ्या. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनीही मान डोलावली.

मग पाण्याची परीक्षा. मी होज धरला, सॅव्हिओ छतावर कुठे कुठे मारायचं ते सांगत होता. शिरीष आत बसला होता. बऱ्याच वेळाने सॅव्हिओने खिडकीतून डोकावून पाहिलं. शिरीष आत छत्री उघडून बसला होता!

"काय रे? विश्वास नाही का?"

"विश्वास आहे," शिरीष म्हणाला. "छत्री आपली सवय म्हणून."

आत टिपूसभर पाणी आलं नाही.

* * *

पुढच्या पावसात तोच कोपरा पुन्हा ओला!

आता शिरीषने चौकशी लावली. ऑफिसमध्ये बग सापडला की करतात तशी. आम्हाला वेगवेगळं बोलावलं. आधी मला.

"नितीन, तो कोपरा तू केलास ना?"

"मी फक्त स्क्रू दिले. आवळले सॅव्हिओने."

मग सॅव्हिओला बोलावलं. सॅव्हिओने सांगितलं की माल नितीनने खरवडला होता आणि नितीनला खरवडायचा कंटाळा येतो. हे मला केतकीकडून कळलं. मी सॅव्हिओला फोन केला नाही. त्यानेही मला केला नाही. पेंडल हिलच्या भारतीय किराणा दुकानात समोरासमोर आलो तर दोघांनीही तूरडाळीच्या पाकिटात भलताच रस घेतला.

शेवटी केतकीनेच दोघांना जेवायला बोलावलं. ताटात भात, आमटी आणि काकूंच्या हातच्या तळलेल्या कुरडया. काय त्या कुरडया! पांढऱ्याशुभ्र, फुलून ताटाबाहेर गेलेल्या. केतकी अभिमानाने म्हणाली, "मी आईंना इलेक्ट्रिक ड्रायर आणून दिलाय. इथे ऊन कुठाय? दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. मागच्या अंगणात तर टॉवेल वाळत नाही."

"छान आहे हो मशीन," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

शिरीष आमच्याकडे बघत होता. "चूक कुणाचीही असो, आत्ता कबूल केली तर मी काही म्हणणार नाही."

सॅव्हिओने कुरडई मोडली. "हे बघ शिरीष, आम्ही कन्फेशन करतो. पण केलेल्या पापाचं!"

* * *

दुरुस्ती पुन्हा केली. मधल्या काळात बाकीची कामं काढली. चाकांचे बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरलं, ते सरळ झालं. दिव्यांनी मात्र रडवलं. कॅरव्हॅन गाडीला जोडायची, शिरीषने गाडीत बसून ब्रेक दाबायचा, मी मागे उभं राहून सांगायचं.

"ब्रेक!"

मागचे दिवे बंदच. कॅरव्हॅनच्या आतला, पलंगावरचा दिवा मात्र लागला!

शेजारचा बॅरी कुंपणापलीकडून हाताची घडी घालून बघत होता. रिटायर्ड माणूस. त्याला आमच्यामुळे टीव्ही लावावा लागत नव्हता. तो म्हणाला, "शी'ल बी राइट, मेट." म्हणजे, होईल सगळं ठीक.

शिरीष हळूच माझ्या कानाशी आला. "या देशात हे वाक्य ऐकलं ना, की मी सगळं पुन्हा तपासतो."

त्या दिवसापासून बॅरी संशयितांत गेला.

* * *

बॅरीवरचा संशय वाढला तो शिडीमुळे. शिरीषची शिडी गॅरेजच्या भिंतीला आडवी टांगलेली असते. एकदा कामावरून आल्यावर त्याच्या लक्षात आलं, शिडी उलटी टांगलेली आहे. रबराचे पाय डावीकडे असायचे, ते उजवीकडे!

"घरात दिवसा फक्त आई असते," शिरीष म्हणाला. "म्हणजे कुणीतरी आईला न कळता आत येतंय."

"किंवा तूच उलटी टांगली असशील," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट शिडी सरळ करून टांगली.

त्याने कॅमेरा बसवला, थेट कॅरव्हॅनवर रोखून. पहिल्या दिवसाचं चित्रण आम्ही सगळे मिळून बघायला बसलो. बॅरी झाडांना पाणी घालतोय. एक काकाकुवा येऊन कुंपणावर बसतो, कॅमेऱ्याकडे तिरकं बघतो. मग दुपार होते, आणि सगळं पांढरं! तास न् तास नुसतं पांढरं. ऊन उतरल्यावर पुन्हा कॅरव्हॅन.

"हॅक केलाय!" शिरीष उडालाच.

काकू शेंगा सोलत होत्या. "अरे, ते होय? मीच कापड घातलं त्याच्यावर. पाखरं घाण करतील म्हणून. एवढी महागाची वस्तू!"

शिरीषच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघ," तो मला म्हणाला, "गुडघे इतके दुखतात, तरी माझ्या वस्तूंची किती काळजी!"

कॅमेरा ओट्याच्या उंचीवर होता की दाराच्या वर, हे त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही. शिरीषलासुद्धा!

* * *

मग पोसमची थिअरी आली. ती सॅव्हिओने काढली, कारण त्याला स्वतःवरचा संशय झटकायचा होता. पोसम म्हणजे इथला मांजराएवढा, छपरांवरून फिरणारा प्राणी. तो उड्या मारतो, पट्टी कुरतडतो, आणि निर्दोष कॅथलिक माणसाचं नाव खराब करतो.

शिरीषने मैद्याची पिशवी घेतली. स्टुलावर चढून गळक्या कोपऱ्याच्या बाजूच्या अर्ध्या छतावर मैदा भुरभुरला. "आता पावलं उमटतीलच," तो म्हणाला. एकदम खूश होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे ठसे बघायला जमलो. शिरीष स्टुलावर चढला आणि तसाच उभा राहिला.

"काय रे, ठसे किती?"

"एकही नाही," शिरीष म्हणाला. "आणि मैदाही नाही!"

आळीपाळीने सगळे चढून बघून आले. अर्धं छत स्वच्छ पुसलेलं, आरशासारखं लखलखीत. उरलेल्या अर्ध्यावर जुनी धूळ. पाऊस पडला नव्हता. वाराही नव्हता.

शिरीषने मैद्याची पिशवी उलटी करून झटकून पाहिली. मग गंभीरपणे म्हणाला, "हा पोसम अनुभवी आहे."

केतकी खालून म्हणाली, "पुसून जाणारा पोसम असेल तर मला तो घरात हवाय!"

* * *

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण फेब्रुवारी संपत आला आणि शिरीषचा चेहरा उतरायला लागला. कोपरा ओला तो ओलाच. नव्या लाकडालाही वास यायला लागला. अशा गाडीत आईला झोपवायला त्याचं मन होईना.

एका दुपारी आम्ही दोघंच जुना माल खरवडत होतो. तो एकदम म्हणाला, "नितीन, ती पुन्हा येईल असं मला वाटत नाही रे. तोंडाने म्हणते, 'येईन की.' पण परवा विमानतळावरच्या व्हीलचेअरचं बोलणं निघालं तर तिने विषयच बदलला. इतकी वर्षं मी इथे आहे. तिने माझ्याकडे काही मागितलंच नाही. एक चहा मागितला, समुद्राकाठी. तोसुद्धा मला जमत नाही."

मी रागारागाने खरवडत राहिलो. त्या दिवशी मी इतकं चांगलं खरवडलं की सॅव्हिओने बघितलं असतं तर माफी मागितली असती.

काकूंना हे ऐकू गेलं असावं. त्या चहाचा ट्रे घेऊन दाराशी आल्या होत्या. "राहू दे रे ते," म्हणाल्या. "समुद्र कुठे पळून जातोय!" पण शिरीषने वर पाहिलंच नाही. त्या ट्रे ठेवून आत गेल्या.

आणि गंमत बघा, त्यानंतर कोपरा पुन्हा ओला झाला नाही.

* * *

निघायच्या आदल्या शनिवारी सॅव्हिओने पट्टी शेवटची तपासायची म्हणून दोन स्टुलांवर फळी टाकली. आम्ही दोघं वर चढलो. शिरीष खाली गॅस सिलिंडर बांधत होता. काकू नेहमीप्रमाणे दारात खुर्चीवर.

सॅव्हिओ एकदम थांबला. छतावर, कोपऱ्यापलीकडच्या पट्टीच्या कडेला, आधीच्या दुरुस्तीच्या चिकट मालात काहीतरी रुतलं होतं. पांढरं, बारीक, शेवयांसारखं गुंडाळलेलं. त्याने नखाने उचकटलं, वास घेतला. मग चक्क जिभेवर ठेवलं!

"काय करतोस?" मी कुजबुजलो.

त्याने उरलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मीही चाखला. थोडी धूळ, थोडं डांबर, आणि आत जिरं.

आम्ही दोघांनी हळूच खाली पाहिलं. काकू वरच बघत होत्या. आमची नजरानजर झाली. त्या गडबडल्या नाहीत, उठल्या नाहीत. नुसत्या एका हाताने गुडघा चोळायला लागल्या.

"काय सापडलं रे?" शिरीषने खालून विचारलं.

सॅव्हिओने माझ्याकडे पाहिलं. मी सॅव्हिओकडे पाहिलं. तूरडाळीच्या पाकिटानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"पालापाचोळा," सॅव्हिओ म्हणाला, आणि त्याने त्या जागी चिकट माल दाबून भरला.

शिरीष डोळे बारीक करून आमच्याकडे बघत राहिला. "तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय!"

इतक्या महिन्यांत त्याचा पहिला बरोबर संशय, पण आम्ही त्याला दाद दिली नाही. काकू म्हणाल्या, "साव्हियो, खाली ये. चहा टाकते. बरोबर काही तळू का?"

* * *

मार्चमध्ये गेलो एकदाचे. दोन गाड्या; शिरीषच्या मागे कॅरव्हॅन, आमच्या मागे बायकामुलांचा कलकलाट. समुद्र अगदी दारात. पहाटे चांगला दणदणीत पाऊस झाला. उजाडल्यावर शिरीष आत प्रत्येक कोपऱ्याला गाल लावून बघत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाजच बदललेला.

"कोरडं आहे," तो म्हणाला. "ठणठणीत कोरडं!"

केतकीने टाळ्या वाजवल्या. सॅव्हिओने छातीवर क्रॉस केला. मग शिरीषने आईचा एक हात धरला, मी दुसरा. आम्ही त्यांना जपून, एक एक पायरी उतरवून, समुद्रासमोर खुर्चीत बसवलं. केतकीने चहा आणून हातात दिला. काकूंनी पहिला घोट घेतला आणि बराच वेळ समोर बघत राहिल्या. शिरीष त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा रडणार.

"शेवटी कळलं नाहीच, पाणी कुठून येत होतं," तो माझ्याशी पुटपुटला. "पण जाऊ दे. आज मला कुणावरही संशय नाही."

तेवढ्यात ढग सरले आणि लख्ख ऊन पडलं. काकूंनी कप खाली ठेवला. खुर्चीतूनच हात लांब करून कॅरव्हॅनच्या पत्र्याला तळवा लावला, आणि ऊन किती आहे त्याचा अंदाज घेतला. मग पायाशी ठेवलेल्या पिशवीतून कुरडयांचा डबा काढला, एक मोडून पाहिली. मोडताना आवाज आला नाही. त्यांनी नाक मुरडलं. डब्याखालून ते पांढरं कापड काढलं आणि मांडीवर उलगडलं.

"सादळल्या मेल्या, समुद्राच्या हवेनं," त्या म्हणाल्या. "शिरीष, शिडी आणलीस ना रे?"